दाराची फट अर्धा मिलिमीटर वाढली तर लाइन थांबते. पूल किती वाकला की थांबवायचा?

कुंडमळा आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. १५ जून २०२५, रविवारची दुपार. इंद्रायणीला पाणी आलेलं, सुट्टीची गर्दी, आणि जुना लोखंडी पूल माणसांसकट नदीत. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. म्हणजे माहिती होती, फलक होता, कागद होता. फक्त पूल बंद नव्हता.

पुढे नेहमीप्रमाणे झालं. शोक, मदत, चौकशी आणि "सगळ्या जुन्या पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट करा" असे आदेश. ऑडिट व्हायलाच हवं, त्याला विरोध नाही. पण ऑडिट म्हणजे नेमकं काय मोजलं, हा प्रश्न आपण कुणी विचारत नाही. आजची पोस्ट तेवढ्याच एका मुद्द्यावर आहे. थोडी लांब आहे, पण आपल्या रोजच्या रस्त्याची गोष्ट आहे, म्हणून वाचा.

मी गेली वीसेक वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात क्वालिटीच्या कामात आहे. मोजणे हाच माझा धंदा. त्यामुळे कुठल्याही अहवालात "स्थिती समाधानकारक" असं वाक्य दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो: समाधानकारक म्हणजे किती?

पुलाच्या ऑडिटमध्ये साधारण काय होतं? माणूस जाऊन बघतो. भेगा, गंज, निघालेलं काँक्रीट, उघडी पडलेली सळई यांचे फोटो काढतो. ठोकून आवाज ऐकतो. रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा टणकपणा बघतो, अल्ट्रासोनिक यंत्राने आतली पोकळी शोधतो. हे सगळं उपयोगाचं आहे. पण यातली प्रत्येक चाचणी त्या त्या जागेबद्दल सांगते. वजन आल्यावर अख्खा पूल कसा वागतो, किती वाकतो, वजन गेल्यावर पूर्ण परत येतो का, हे त्यातून कळत नाही.

बघून केलेलं ऑडिट कुठे कमी पडू शकतं याचं उदाहरण मुंबईत आहे. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला, सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं, आणि त्यात त्याला किरकोळ दुरुस्तीच्या यादीत टाकलं होतं.

आता मोजण्याचं बोलू.

पूल हा स्थिर नसतो. तो सारखा हलत असतो. ट्रेलर आला की काही मिलिमीटर खाली वाकतो, गेला की वर येतो. उन्हात लांब होतो, रात्री आखडतो. ३० मीटर लांबीचा लोखंडी गर्डर तापमान २० अंशांनी वाढलं की साधारण ७ मिलिमीटर लांब होतो. हे सगळं निरोगी लक्षण आहे. रोड काँग्रेसच्या नियमात काँक्रीट पुलासाठी वाहनांच्या भाराखाली लांबीच्या आठशेव्या भागापर्यंत वाकायला मुभा आहे. म्हणजे २४ मीटरच्या गाळ्याला ३० मिलिमीटर. प्रत्यक्षात रोजच्या एका ट्रकखाली धडधाकट पूल याच्या खूप कमी वाकतो.

प्रश्न "हलतो का" हा नाहीच. गेल्या वर्षी त्याच वजनाला किती हलला होता आणि यंदा किती, हा प्रश्न आहे. रक्तदाबासारखं आहे हे. एकदा मोजून फार कळत नाही. दर वर्षी मोजून वहीत लिहिलं तर कळतं.

मग आजवर हे मोजत का नव्हते? मोजत होते, पण फार थोड्या पुलांचं. कारण जुनी पद्धत कष्टाची. पुलाखाली परांची बांधायची, तिच्यावर डायल गेज बसवायचा, त्याची टोकणी पुलाच्या पोटाला टेकवायची. खाली नदी असेल तर परांची कशावर बांधणार? पावसाळ्यात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हा तर ते शक्यच नाही. रस्त्यावर पूल असेल तर खालची वाहतूक बंद. पुलाला चिकटवायचे सेन्सर असतात, ते थरथर छान पकडतात. पण हळूहळू आलेला झोल त्यांना नीट कळत नाही, वायरी टाकाव्या लागतात, आणि आपल्याकडे वायर पुलावर किती दिवस टिकते ते सगळ्यांना माहीत आहे.

इथे कॅमेरा येतो. पुलाला हात न लावता, काठावर उभं राहून मोजायचं.

तत्त्व सोपं आहे. मजबूत तिकाठीवर चांगला कॅमेरा, लांबची लेन्स. समजा कॅमेऱ्याच्या चौकटीत पुलाचा १० मीटरचा भाग मावतो आणि चित्राच्या रुंदीत ४००० पिक्सेल आहेत. म्हणजे एक पिक्सेल म्हणजे अडीच मिलिमीटर. एवढ्यावर काम भागणार नाही. पण सॉफ्टवेअर एकेक पिक्सेल मोजत नाही. ते एखादी खूण धरतं, रिव्हेटचं डोकं, काँक्रीटवरचा डाग किंवा रंगवलेली चौकट, आणि पुढच्या प्रत्येक चित्रात तो अख्खा नमुना कुठे सरकला ते शोधतं. त्यामुळे पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत सहज जाता येतं. म्हणजे पाव मिलिमीटर. नदीकाठावर बसून, पुलाला न शिवता.

हे काही कालचं खूळ नाही. इंग्लंडमधला हंबर पूल, मधला गाळा १४१० मीटर, त्याची हालचाल कॅमेऱ्याने मोजायचं काम तिथल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच केलं होतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी व्हिडिओतली डोळ्याला न दिसणारी हालचाल मोठी करून दाखवायचं तंत्र मांडलं. साध्या व्हिडिओत माणसाच्या चेहऱ्यावरची नाडी दिसायला लागली. तेच तंत्र पुढे खांब, पाइप आणि पुलांवर वापरलं गेलं.

आणि आपल्या पट्ट्याला तर हे नवीन असायचं कारणच नाही. गाडीच्या सांगाड्यावर पांढरा रंग मारून त्यावर काळे ठिपके उडवायचे, दोन कॅमेरे लावायचे, सांगाडा पिळायचा आणि कुठला ठिपका कुठे सरकला यावरून ताण काढायचा, ही चाचणी वाहन उद्योगात रुळलेली आहे. लाइनवर दाराची फट, काचेची जागा, वेल्डचा बिंदू कॅमेरा तपासतो. भोसरीत दोन-चार माणसांची वर्कशॉप्स हे कॅमेरे बसवून देतात. कॅमेरा आहे, लेन्स आहे, सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं आहेत. सगळं इथलंच आहे. फक्त त्याचं तोंड कारखान्याच्या आत आहे, ते नदीकडे वळवायचं आहे.

कसं करायचं, तेही सांगतो. चाकणमध्ये वजनकाट्यांची कमी नाही. एक ट्रक भरायचा, काट्यावर वजन करून पावती घ्यायची. पहाटे वाहतूक कमी असताना पूल थोडा वेळ थांबवायचा. ट्रक सावकाश पुलावरून न्यायचा, मध्यभागी थांबवायचा, पुढे काढायचा. कॅमेरा चालूच. पूल किती वाकला, ट्रक गेल्यावर मूळ जागी आला का, आणि नंतर किती वेगाने थरथरला, हे तीन आकडे लिहून ठेवायचे. कॅमेऱ्याची जागा काठावर खुंटी ठोकून कायमची ठरवायची. पुढच्या वर्षी तीच खुंटी, तेवढंच वजन, तोच महिना, तीच वेळ.

तिसरा आकडा महत्त्वाचा आहे. प्रत्येक पुलाची थरथरायची स्वतःची एक चाल असते, सेकंदाला अमुक वेळा. ताठपणा कमी झाला की ती चाल मंदावते. ताठपणा दहा टक्के गेला तर चाल साधारण पाच टक्के मंदावते. फरक थोडा असतो आणि उन्हामुळेही तो थोडा बदलतो. म्हणूनच तीच वेळ, तोच महिना म्हणतोय.

आता ही भार चाचणी म्हणून शास्त्रात नवीन नाही. रोड काँग्रेसच्या भार चाचणीत पुलावर २४ तास वजन ठेवतात, काढतात, आणि पुढच्या २४ तासांत काँक्रीटचा पूल वाकल्यापैकी किमान ७५ टक्के परत आला पाहिजे, प्रीस्ट्रेस्ड असेल तर ८५ टक्के, असा निकष आहे. ती मोठी परीक्षा. मी म्हणतोय ती दर वर्षीची छोटी तपासणी. छोटीत शंका आली की मोठी घ्या.

जे जमत नाही तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी कॅमेऱ्याचं टेंडर काढून मोकळा होईल.

कॅमेऱ्याला पाण्याखालचं दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बस गेल्या. पुरात पायाखालची माती धुपून जाते, त्यासाठी पाणबुडे आणि खोलीची मोजमापं वेगळी लागतात. खांब कलायला लागला तर कॅमेरा ते पकडेल, पण तोवर उशीर झालेला असू शकतो. आतल्या केबलचा गंजही कॅमेऱ्याला दिसत नाही. काही पूल फारसे न वाकताच तुटतात. धुकं, जोराचा पाऊस, एप्रिलच्या दुपारी रस्त्यावरून उठणारी झळ, यात मोजमाप बिघडतं. ट्रेलर गेल्यावर तिकाठीखालची जमीन हलते, म्हणून काठावरची न हलणारी खूणही चौकटीत घ्यावी लागते आणि तिची हालचाल वजा करावी लागते.

आणि एक. ड्रोन म्हणजे हे नव्हे. ड्रोनने पुलाच्या पोटाचे फोटो छान येतात, भेगा दिसतात. पण ड्रोन स्वतःच हवेत डुलत असतो. डुलणाऱ्या कॅमेऱ्याने मिलिमीटर मोजायचे तर बरीच दुरुस्ती करावी लागते. तेव्हा "ड्रोन सर्व्हे केला" असं ऐकलं की विचारा, फोटो काढले की मोजलं?

आता मूळ मुद्दा.

आमच्याकडे लाइनवर दाराची फट मर्यादेबाहेर अर्धा मिलिमीटर जरी गेली तरी लाइन थांबते. कोण थांबवतं? तिथे उभा असलेला ऑपरेटर. त्याच्या हाताशी दोरी किंवा बटण असतं. तो फाइल वर पाठवत नाही, कुणाची सही मागत नाही. मर्यादा आधीच ठरलेली असते, आणि ती ओलांडल्यावर काय करायचं तेही आधीच ठरलेलं असतं. नुकसान होतं, आरडाओरडा होतो, पण थांबवणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू का थांबवलीस. न थांबवणाऱ्याला विचारतात.

दाराच्या फटीसाठी एवढी शिस्त आहे. पुलासाठी का नाही?

कुंडमळ्यात धोका माहीत नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. फलकच ते सांगत होता. पण फलक कुणाला अडवत नाही. "धोकादायक" हा शब्द आपण इतक्या ठिकाणी वाचतो की त्याचा काही अर्थच उरलेला नाही. धोकादायक वाडा, धोकादायक वळण, धोकादायक धबधबा. आणि पूल बंद करायचा निर्णय ज्याने घ्यायचा, त्याच्या हातात आकडा नसतो, फक्त मत असतं. मतावर पूल बंद केला तर उद्या गावकरी विचारणार, नेते विचारणार, "काल चालत होता, आज काय झालं?" मग तो बिचारा फलक लावतो आणि वर पत्र पाठवतो. आकडा असेल तर त्याला उभं राहायला जमीन मिळते. "सहा मिलिमीटरला पिवळा, नऊला लाल, आज दहा आला, पूल बंद." (आकडे समजण्यापुरते. प्रत्येक पुलाचा वेगळा, आणि तो त्या विषयातल्या इंजिनिअरनेच ठरवायचा.)

कॅमेरा असता तर कुंडमळा वाचला असता, असं मी म्हणणार नाही. तिथे त्या दिवशी गर्दीचा भार होता, आणि गर्दी ही वेगळीच गोष्ट आहे. एका चौरस मीटरवर पाच-सहा माणसं दाटली की साडेतीनशे-चारशे किलो होतात. नियमात पादचारी मार्गासाठी चौरस मीटरला ४०० किलो धरतात, आणि शहराजवळ किंवा यात्रेच्या ठिकाणी ५०० धरायला सांगतात. आपल्याकडे देहू आहे, आळंदी आहे, मधे इंद्रायणी आहे. वारीच्या दिवसांत कुठल्या पुलावर किती माणूस असतो ते आपण दर वर्षी बघतो. जुना पूल बांधताना हा विचार झाला होता का, हे प्रत्येक पुलाबाबत विचारायला हवं.

गाड्यांचंही तेच. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या अक्षावरच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका अक्षाला आधी १०.२ टन होते, ते ११.५ टन झाले. कायदेशीर वजन वाढलं, बेकायदा वजनाचं तर विचारूच नका. स्टील कॉइलचे ट्रेलर, गाड्या वाहणारे लांबलचक कॅरियर रात्रंदिवस तळेगाव-चाकण आणि पुणे-नाशिक रस्त्यावर असतात. भार वाढला, पूल मात्र तेच.

यावर काही आक्षेप येतात, ते रास्त आहेत.

"आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील." घाबरू देत. पुलाचा आकडा वाचून घाबरलेला माणूस दुसऱ्या रस्त्याने जातो. पण बहुतेक पुलांचे आकडे चांगलेच येतील, आणि तेही लोकांना कळायला हवं. आज दापोडीच्या हॅरिस पुलावरून जाताना "ब्रिटिशांचा आहे, काही होत नाही" किंवा "ब्रिटिशांचा आहे, कधीही पडेल" अशी दोनच मतं ऐकू येतात. दोन्हींना आधार नाही.

"पूल बंद केला तर लोकांनी जायचं कुठून?" हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. नदीपलीकडे शेत असलेल्या माणसाला, शाळेत जाणाऱ्या पोरीला, पाळीवर जाणाऱ्या कामगाराला पाच-दहा किलोमीटरचा वळसा म्हणजे रोजचा वेळ आणि पेट्रोल. म्हणून बंद करायचा आदेश आणि पर्यायी सोय एकाच कागदावर हवी. पर्याय न देता बंद केलेला पूल लोक उघडतातच.

"हे पूल नेमके कोणाचे?" महापालिका, पीएमआरडीए, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, एमआयडीसी, रेल्वे. एकाच नदीवर तीन मैलांत तीन मालक. पडल्यावर पहिले दोन दिवस मालक शोधण्यात जातात. तेव्हा सगळ्यात पहिलं काम कॅमेऱ्याचं नाहीच, यादीचं आहे.

होर्डिंगबद्दलही लोक विचारतील. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात महामार्गालगतचं होर्डिंग वादळात कोसळलं, आडोशाला थांबलेली पाच माणसं गेली. ते अनधिकृत होतं. अनधिकृत होर्डिंग मोजायचं नसतं, काढायचं असतं. जे अधिकृत आहेत त्यांचा सांगाडा वाऱ्यात किती डुलतो, पाया कलतोय का, हे याच पद्धतीने रस्त्यापलीकडून मोजता येईल, आणि तो खर्च होर्डिंगच्या मालकाने करावा.

तर मागणी काय? पाच गोष्टी.

१. पिंपरी-चिंचवड, मावळ आणि खेड तालुक्यातल्या सगळ्या पुलांची एकच यादी. पूल कुठे, बांधला कधी, मालक कोण, शेवटची तपासणी कधी. मराठीत, सगळ्यांना दिसेल अशी.

२. जुन्या पुलांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ठरलेल्या वजनाखाली हालचाल मोजणी. पाण्याखालची तपासणी वेगळी.

३. प्रत्येक पुलाचा पिवळा आणि लाल आकडा मोजणीच्या आधी ठरवायचा. आकडा आल्यावर मर्यादा ठरवली की ती मर्यादा नेहमी आकड्याच्या थोडी वर निघते, हे क्वालिटीतला कुठलाही माणूस सांगेल.

४. लाल आकडा आला की पूल बंद करायचा अधिकार जागेवरच्या इंजिनिअरला. त्याच दिवशी, फलकाने नव्हे, अडथळा बांधून. पर्यायी रस्ता त्याच आदेशात.

५. पुलाच्या तोंडाशी पाटी: कधी मोजला, किती आला, मर्यादा किती, पुढची मोजणी कधी. लिफ्टमध्ये असते ना क्षमतेची पाटी, तशी.

सुरुवात सगळ्या पुलांपासून नको. इंद्रायणी आणि पवनेवरचे पाच जुने पूल निवडा. आकुर्डी-निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली शेवटच्या वर्षाची मुलं आहेत, पुण्यात सीओईपी आहे, त्यांना सोबत घ्या. कारखान्यांचा सीएसआरचा पैसा बाकड्यांवर आणि स्वागत कमानींवर जातो, त्यातला थोडा इकडे वळवा. या पुलांवरून त्यांचाच माल आणि त्यांचीच माणसं जातात.

मोजणं आता अवघड राहिलेलं नाही, फार महागही राहिलेलं नाही. अवघड आहे ते आकडा आल्यावर थांबवणं. ते आपण कारखान्यात रोज करतो.

तुमच्या जाण्या-येण्यातला कुठला पूल तुम्हाला काळजी वाटावी असा आहे, ते कॉमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. शक्य असेल तर तो कोणाच्या ताब्यात आहे तेही. यादी शासन करेल तेव्हा करेल, आपली तर सुरू करू. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, सरपंचाला भेटाल तेव्हा "ऑडिट झालं का" असं विचारू नका. "किती मिलिमीटर आला आणि मर्यादा किती" असं विचारा.